तारेवरच्या भोरड्या

भोरड्या आल्या. काल दिवस कलताना वारंग्याच्या बाजूनं एक काळा ढग आला, वळला, लांबला, पुन्हा गोळा झाला आणि माझ्या डोक्यावरून निघून गेला. ढगाला पंखांचा आवाज होता. सुपात जोंधळे घोळवावेत तसा आवाज असतो तो, जुन्या माणसाला वर बघावं लागत नाही. मी अंगणात बाजेवर बसलो होतो. सवयीनं तोंडातून निघालं, "गया, आल्या बघ." माझी बायको गया आखाडात गेली. माझ्या तोंडाला ते अजून कळलेलं नाही.

भोरड्या आमच्या शिवारात उतरल्या नाहीत. उतरतील कशावर? जिकडं बघावं तिकडं हळद, नाहीतर ऊस. डोंगरकड्याकडं केळीच केळी. एखादा म्हातारा घरच्या भाकरीपुरता चार काकऱ्या जोंधळा पेरतो, त्याला हे पाखरू मोजत नाही. त्याला जोंधळ्याचा समुद्र लागतो. तो समुद्र मी बघितलाय. त्याच्या कडेनं चालत जाऊन मी जन्मभर पोट भरलं.

फाट्यावर या आठवड्यात रस्त्याच्या कडेला खड्डा करून ठेवलाय. रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं जमिनीतली केबल तोडली. मोबाईल मुके झाले, बँकेतली माणसं खुर्च्यांवर नुसती बसून राहिली. केबल जोडायला दोघं जण गाडी घेऊन आले तेव्हा मी बघायला गेलो. मला दुसरं काम काय आहे? काचेचा धागा, केसापेक्षा बारीक. तो पुसायचा, कापायचा, एका डबीएवढ्या मशीनमधे दोन टोकं समोरासमोर ठेवायची, आतमधे ठिणगी पडते आणि काचेला काच चिकटते. बोलणं त्याच्यातून उजेड होऊन जातं म्हणे. मी बराच वेळ वाकून बघत होतो. त्यातला एक म्हणाला, "बाबा, काय बघून राहिले?"

मी म्हटलं, "आमीबी हेच काम करत व्हतो."

"तवा केबल व्हती का, बाबा?"

"न्हाई. तवा पाखरं व्हती."

तो दुसऱ्याकडं बघून हसला आणि मला सावलीत बसायला पोतं टाकलं. माणसं चांगली होती. म्हाताऱ्याचं डोकं गेलंय असं त्यांना वाटलं असेल, वाटू दे. पण मला त्यांचं काम बघून जरा वाईटच वाटलं. दोघंही मान खाली घालून काम करतात. वर बघायचं कारणच नाही. त्यांच्या तारेवर कुठलं पाखरू बसणार?

आमची तार आभाळात होती. कळमनुरीपासून वारंग्यापर्यंत आणि तिथून डोंगरकड्याकडं, सडकेच्या कडेनं लोखंडी खांब. खांबावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या पालथ्या बसवलेल्या, आणि वाट्यांच्या गळ्याला बांधलेल्या तारा. वाटी फुटली की तार लोखंडाला टेकायची आणि बोलणं जमिनीत मुरायचं. दोन तारा एकमेकीला लागल्या की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायचं, नाहीतर नुसती खरखर. मी चौथी शिकलेला माणूस. वीज कशी पळते ते मला कधी नीट कळलं नाही. कुठं अडते तेवढं कळायचं, तेवढ्यावर नोकरी झाली.

लोकांना वाटतं तारवाल्याचे वाईट दिवस म्हणजे पावसाळा. तसं नव्हतं. पावसात एखादं झाड पडायचं, ते उचललं की झालं. आमचे खरे वाईट दिवस पौष आणि माघ. आभाळ स्वच्छ, हवा गार, उन्हाला बसावंसं वाटेल असे दिवस, आणि त्याच दिवसांत तारा रोज तुटायच्या. कारण तेव्हाच जोंधळा हुरड्यात यायचा.

मी सांगतोय ते साल मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं साल. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. दुष्काळात आमच्या वस्तीतली सगळी माणसं, बाया, म्हातारे सडकेच्या कामावर खडी फोडून जगले होते. गयाच्या हाताची साल तेव्हा गेली ती नीट परत आलीच नाही. आणि मग त्या साली काळ्या रानानं मनापासून दिलं. जोंधळा दीड पुरुष उंच. कणसं अशी की ताटाला भार सोसेना. सकाळी दवानं सगळं रान ओलं असायचं, वाटेनं गेलं की पानं गालाला कापायची, आणि दुपारी उन्हात त्याला दुधाचा वास सुटायचा. कच्च्या दाण्याचा वास. भुकेलेल्या माणसाला तो वास सहन होत नाही, डोळ्यांत पाणी येतं. त्या साली मी भल्या भल्या माणसांना शेताच्या बांधावर उगाच उभं राहिलेलं बघितलंय. काही करत नव्हते. नुसता वास घेत होते.

आणि त्या पिकावर भोरड्या आल्या.

एकदा उतरल्या की घटकाभरात एकराचं एकर रिकामं. म्हणून शेताशेतात माळे बांधलेले, चार उभी लाकडं, वर फांद्यांची बैठक, त्यावर राखण करणारी बाई गोफण घेऊन उभी. सगळं शिवार दिवसभर ओरडत असायचं. हाऽ होऽ म्हणत आरोळ्या, डबडी वाजवणं, आणि गोफण सुटल्याचा सटकन आवाज. भोरड्यांना पिकात बसू दिलं नाही की त्या आमच्या तारेवर बसायच्या. तार खाली झोळ खाईल इतक्या, खांद्याला खांदा लावून. सगळ्यांची तोंडं जोंधळ्याकडं. मग गोफणीचे दगड तारेवर. पाखरू उडायचं, वाटी फुटायची.

मी आणि हुसेनभाई रोज त्या लायनीवर पायी. हुसेनभाई माझा वरचा, लायनमन. मी तेव्हा त्याच्या हाताखाली. राहणारा शिरड शहापूरचा, काडीसारखा बारीक, अनवाणी खांबावर चढायचा. शिडी जिथं संपायची तिथून पुढं तो पायाच्या बोटांनी लोखंड धरायचा. मला तारेचा जोड बांधायला त्यानंच शिकवलं, आणि माझ्या अबोलपणावर टोमणेही तोच मारायचा. म्हणायचा, "तेरे कू चढना सिखाया, जोडना सिखाया, आता बोलना बी मीच शिकवू का?"

गया बराबर सडकेच्या कडेला, पाटलाच्या शेतात राखणीला होती. आमची दुपारची भाकर तिच्या माळ्याखाली. तिथं तिनं तीन दगडांची चूल मांडली होती. हुसेनभाई तिला भाभी म्हणायचा, ती त्याला भाऊ. तो म्हणायचा, भाभी, तुमची भाकर खाऊन चढलो की खांब वाकतो. ती तव्यावरची भाकर उलटून, वर न बघता म्हणायची, "मग खांबच खात जावा भाऊ, माझं पीठ तरी वाचंल." तो हसायचा तो लांबपर्यंत ऐकू जायचा. मला ही अशी बोलणी जमत नव्हती. मी खायचो आणि ऐकायचो. पण सांगतो, त्या माळ्याखालच्या दुपारींसारख्या दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

गोफण गयाची स्वतःची. अंबाडीचा वाख मांडीवर वळून तिनं ती विणली होती. नेम असा की कणसावरचं एक पाखरू पाडायची आणि कणसाला धक्का लागत नसे. बाकीच्या बाया तिला नावं ठेवायच्या, की हिला नवऱ्यानं तारेची राखण दिलीय का पिकाची.

त्याचं कारण होतं. वाट्या रोज फुटायला लागल्या तेव्हा साहेबांनी आम्हाला झापलं. मी माळ्यामाळ्यावर जाऊन बायांना सांगितलं, की दगड हाणू नका, मातीचे गुंडे करून हाणा, मातीनं वाटी फुटत नाही. बाया हसल्या. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती वरूनच म्हणाली, "पाखरांना बसायला पाट तुमी मांडला. अन् हाणू नका आमाला सांगून राहिले?" तिचं खोटं नव्हतं. तार नसती तर भोरड्या कशावर टेकल्या असत्या?

गयानं मात्र ऐकलं. नवरा सांगतो म्हणून नव्हे, ती कुणाचं असं ऐकणारी नव्हती. तिला माझ्या नोकरीची काळजी होती. तिनं काळ्या मातीचे गुंडे केले, वाळवले. ते गोफणीतून सुटले की हवेतच फुटायचे, पाखरापर्यंत नुसती धूळ जायची. मग ती कुंभाराच्या खड्ड्यावरून माती घेऊन आली. तळहातावर लिंबाएवढे गुंडे वळले आणि माळ्याखालच्या चुलीत, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले. लाल झाले. खापरासारखे वाजायला लागले. तिनं टोपलीभर करून ठेवले. मी एक हातात घेऊन बघितला. हुसेनभाईनंही बघितला, म्हणाला, भाभीनं विटांचा भट्टा लावला. आम्ही तिघं त्यावर हसलो. पूर्ण शिवारात भाजलेले गुंडे एकट्या गयाकडं होते. बाकीच्या बाया दगडच हाणत होत्या.

आणि आमचा एक रिवाज पडला होता. खांबावर चढायच्या आधी खालचा माणूस माळ्याकडं बघून ओरडायचा, "खांबावर माणूस हायेऽ." माळ्यावरची बाई डबडं वाजवून जबाब द्यायची आणि गोफण खाली ठेवायची. काम झालं की "उतरलोऽ" म्हणून सांगायचं, की पुन्हा गोफण सुरू. तेवढ्या वेळात भोरड्या काय खातील ते खातील. पाटलाला हे माहीत नव्हतं. बायांनी आमच्यासाठी तेवढं सोसलं होतं.

परवा मी भाकर करायला बसलो. काठ फाटतो. गया असताना मी कधी पिठाला हात लावला नाही, आता हात लावतो तर पीठ माझं ऐकत नाही. शेजारची सून म्हणते, बाबा, मी देत जाते ना. देते बिचारी. पण दुपारी एकट्यानं भिंतीकडं तोंड करून खाताना घास फिरतो. मी घास ठेवून देतो आणि त्या माळ्याखाली जातो. मला जायला बस लागत नाही.

तो दिवस. दुपार कलली होती. पाटलाच्या शेतासमोरच्या खांबावरची एक वाटी गेली होती. मी आवाज दिला, गयानं डबडं वाजवलं, हुसेनभाई चढला. वाटी बदलली, तार बांधली, उतरला. मी "उतरलो" म्हणून ओरडलो. मग चामड्याच्या पेटीतला फोन तारेला लावून, खाली उकिडवा बसून मी हँडल फिरवलं आणि कळमनुरीला विचारलं, आवाज येतो का. आवाज येत होता, पण खरखर होती. मी हुसेनभाईला म्हटलं, खरखर हाये. त्यानं वर बघितलं. म्हणाला, गाठ ढिली असंल, एक मिनिट. आणि चढला. पट्टा कमरेला अडकवला न अडकवला. मी फोनला कान लावून बसलो होतो. त्यानं आवाज दिला नाही, मी दिला नाही. एका मिनिटाचं तर काम.

तेवढ्यात भोरड्या आल्या. दक्षिणेकडून, एकदम. खांबाच्या दोन्ही बाजूंनी तारेवर, पट्टीवर, हुसेनभाईच्या डोक्याभोवती, सगळीकडं. सूर्य सडकेच्या पलीकडं, गयाच्या बरोबर डोळ्यांत. माळ्यावरून तिला काय दिसलं असेल? पाखरांनी काळा झालेला एक खांब.

गोफणीचा आवाज मला ऐकू आला नाही, माझ्या कानात खरखर होती. भोरड्या उठल्या तो आवाज ऐकू आला. मग वरून पक्कड पडली, माझ्या पायाशी. वर बघितलं तर हुसेनभाई पट्ट्याला अडकून उलटा लटकत होता, हात दोन्ही चेहऱ्यावर.

कसा उतरवला ते मला आठवत नाही. खांद्यावर घेऊन शिडीवरून आलो असेन. खाली ठेवला तोवर गया जोंधळ्यातून पळत आली, गालाला, कपाळाला पानांचे ओरखडे. ती काही बोलायच्या आधी हुसेनभाईच बोलला. डाव्या डोळ्यावर रुमाल दाबलेला, बोटांमधून रक्त. म्हणाला, "कुछ नई भाभी. तार सुटली. तार लगी डोळ्याला."

ताणलेली तार सुटली तर चाबकासारखी येते, डोळा जाऊ शकतो. आमच्या कामात हे होतं. पण तार जागेवर होती. मी बघितलं होतं. आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या कॉलरमधे एक लाल कपची होती. खापराची. मी ती मुठीत घेतली. बैलगाडीत घालून त्याला फाट्यावर नेलं, तिथून ट्रकमधे घालून नांदेडच्या दवाखान्यात. तोपर्यंत मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा कपचीनं तळहात कापला होता. दवाखान्याच्या मागं नाली होती, तिच्यात मी ती टाकली.

डोळा गेला.

साहेब चौकशीला आले. पंधरवड्यापूर्वीच कुठं तरी तार तुटली म्हणून पोलीस आमच्याच वस्तीत शिरले होते आणि दोन माणसांना काठीनं फोडून काढलं होतं, ती तार वाऱ्यानं तुटली होती तरी. आता तर सरकारी माणसाचा डोळा गेलेला. दगड लागला म्हटलं असतं तर माळ्यावरच्या सगळ्या बायांना गाडीत घातलं असतं. हुसेनभाईनं खाटेवर बसून साहेबांना तेच सांगितलं, की तार सुटली, माझीच चूक, मी ती आधी दोरानं बांधायला पाहिजे होती. साहेबांनी लिहून घेतलं. चूक लायनमनची. खांबावरचं काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि त्याला हिंगोलीच्या ऑफिसात दारावर बसवलं. खांबावर पायाच्या बोटांनी उभा राहणारा माणूस, तो पुढं सगळी नोकरी स्टुलावर.

त्याला कळलंय का, की गुंडा कुणाचा? मला तेव्हा वाटलं, नसेल कळलं. दगड लागला एवढं कळलं असेल, आणि वस्ती वाचवायला तो खोटं बोलला. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

मी त्या साली एकच गोष्ट ठरवली. गयाला हे कळू द्यायचं नाही. तिनं माझ्यासाठी दगड टाकून माती धरली. माझ्यासाठी ती माती भाजली. आवाज आम्ही दिला नाही. आणि एका चांगल्या माणसाचा डोळा तिच्या हातून गेला, हे घेऊन ती कशी जगली असती? ती मनानं कडक, पण अशी कडक माणसं एकदम तुटतात. मी तिचा हात बघायचो, भाकर थापताना, आणि मनात म्हणायचो, ह्या हाताला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोफण धरली नाही. खांदा दुखतो म्हणाली. नुसतं डबडं वाजवायची, ओरडायची. उरलेले गुंडे तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी माळ्याखाली गेलो, तर एक गुंडा शिल्लक नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, सरले असतील. पाटलाचा माणूस येऊन तिला बोलून गेला, की डबड्यानं कुठं भोरड्या उठतात का. कोपरा खाल्ला पाखरांनी. पुढच्या साली पाटलानं तिला राखणीला ठेवलं नाही.

बाकी मोसम झाला तसा झाला. जोंधळा काढला, खळी लागली, मळणीची धूळ घशात जाऊन वस्तीभर माणसं खोकत राहिली. शिवार उघडं पडलं. सगळीकडं धसकटं. मी नव्या जोडीदाराबरोबर त्याच खांबावर चढायला लागलो. वर गेलं की आता लांबपर्यंत दिसायचं, आणि पाटलाच्या शेतात चार लाकडांचा मोकळा माळा तेवढा उभा. चैतात भोरड्या निघून गेल्या. कुठं जातात कुणास ठाऊक. तारा अशा रिकाम्या झाल्या की वाऱ्यानं वाजायला लागल्या.

गया तेव्हापासून कमी बोलायची. मला वाटायचं, वय. मग लेकरं झाली, त्यांची दुखणी, त्यांची लग्नं, मला वाटायचं, त्याची तकलीफ. कुणाच्या शेतातून हुरडा आला की पहिला वाटा बांधून मला म्हणायची, भावाला देऊन या. मी हिंगोलीला नेऊन द्यायचो. पुढं हुसेनभाई शिरडला परत गेला तेव्हा तिकडं न्यायचो. ती स्वतः कधी आली नाही. चल म्हटलं तर काम काढायची. मला तेही बरंच वाटायचं. समोर बसली, त्याच्या डोळ्याकडं बघितलं, आणि काही सुचलं तर? म्हणून मी आग्रह केला नाही. अशी वर्षं गेली. वर्षं जायला काही लागत नाही.

आखाडात तिला ताप आला, मग न्यूमोनिया म्हणाले. शेवटच्या दिवसांत ती माझ्याकडं फार बघायची. एकदा म्हणाली, "अहो." मी म्हटलं, काय. मग म्हणाली, काही नाही, पाणी द्या. मी पाणी दिलं.

काल भोरड्या गेल्या त्या शिरडच्या दिशेनंच गेल्या. आज सकाळी मी बस धरली. हुसेनभाईचं खुब्याचं हाड मोडलंय, त्यामुळं तो गयाच्या मातीला येऊ शकला नव्हता, मुलाला पाठवलं होतं. ओसरीत खाटेवर होता. उजवा डोळाही आता मोतीबिंदूनं पिकलाय. आवाजावरून ओळखलं मला. हात धरला तो सोडेना. मग आम्ही दोघं थोडं रडलो. सुनेनं चहा ठेवला.

चहा घेताना मी म्हटलं. आता बोलायला हरकत नव्हती, जिच्यापासून लपवायचं ती राहिली नव्हती. म्हटलं, हुसेनभाई, तो गुंडा गयाचा होता. मला तेव्हाच कळलं होतं. पण एक बरं झालं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

हुसेनभाईनं कप खाली ठेवला. चाचपून, जमीन कुठं आहे ते बघून ठेवला. म्हणाला, "तेरे कू मालूम था?"

मी म्हटलं, व्हय.

"मग येवढी वर्षं बोलला काहून न्हाई?"

मग त्यानं सांगितलं. दवाखान्यात तो असताना, मी कामावर गेलो होतो तेव्हा, गया एकटी नांदेडला आली होती. उरलेले सगळे भाजलेले गुंडे टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन. त्याच्या खाटेखाली टोपली ठेवली आणि उभी राहिली. म्हणाली, भाऊ, हे माझे हायेत, साहेबाला दाखवा आणि माझं नाव सांगा. हुसेनभाई म्हणाला, मी दुसऱ्यांदा चढलो ते आवाज न देता चढलो, तुमचा यात काही कसूर नाही. ती ऐकेना. त्यानं तिला आईची शपथ घातली, तेव्हा ऐकलं. मग जाताना तिनं एकच मागितलं.

"क्या बोली सुन," हुसेनभाई म्हणाला. "बोली, भाऊ, यांना सांगू नका. यांना रोज खांबावर चढायचं हाये. वर गेल्यावर हे मनात आलं तर हात सुटंल यांचा."

मी कधीच नोकरीतून मोकळा झालो होतो. त्यानंतर तरी तिनं सांगायचं. पण एवढी वर्षं न बोललेलं एकदम कसं बोलायचं, हे मला माहीत नाही का? मलाच तर माहीत आहे.

हुसेनभाई म्हणाला, चहा पी. मी प्यालो नाही. त्याची सून दारातून बघत होती, दोन म्हातारे नुसते बसलेत. मला बरं वाटायला पाहिजे होतं, की माझ्यावर तिची एवढी माया होती. नाही वाटलं बरं. राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही.

बस फाट्यावर थांबली तेव्हा खड्डा बुजवलेला होता. केबल जोडून माणसं निघून गेली होती. टपरीवर सगळे जण फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते. मी घरी आलो, बाजेवर बसलो. आखाडात ती गेली तेव्हा मी एकटा पडलो म्हणून रडलो होतो. ती तर त्या जोंधळ्यापासूनच एकटी होती. आणि मी तिच्या शेजारी होतो.